चौकट कुठे गेली?

(पत्रकारदिनानिमित्त एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज 6 जानेवारी. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, म्हणून आपण पत्रकारदिन पाळतो आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाला वर्षातून एकदा शाल-श्रीफळ मिळतं. या दिवशी लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर बोलायची पद्धत आहे. मी संयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की स्तंभावर बोलतो, पण चौथ्या नव्हे. आमच्या पेपरच्या पानावर उभे आठ स्तंभ असायचे, त्यांचे आम्ही सहा केले. त्यावर लोक काय काय म्हणाले, ते सांगतो.

आमचा पेपर सांगली जिल्ह्यातला. नाव घेत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांचं काही अडत नाही. 2018 च्या दसऱ्याला आम्ही त्याचं रूप पालटलं. मी तेव्हा वृत्तसंपादक. नव्या रूपाचा पहिला अंक मशीनवर चढवून, पेढा खाऊन, पहाटे साडेतीनला घरी आलो आणि आडवा झालो. सहाच्या आत फोन. मिरजेच्या कृष्णाघाटाकडचे एक आजोबा होते. माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. आवाजात राग नव्हता. म्हणाले, “अहो, त्या पोरानं आज दुसराच पेपर टाकलाय. आमचा जरा पाठवून द्या.”

म्हटलं, आजोबा, तोच आहे तो. वरचं नाव बघा की.

“नाव तेच आहे ओ,” आजोबा म्हणाले, “पण पेपर आमचा नव्हे.”

त्या दिवशी शहरभर पेपर टाकणाऱ्या पोरांनी शिव्या खाल्ल्या. कुणी गेटवरूनच अंक परत केला, कुणी महिन्याच्या बिलातून पैसे कापीन म्हणालं. दोष आमचाच. चौकाचौकांत फलक लावले, पहिल्या पानावर संपादकांचं निवेदन घेतलं, रेडिओवर जाहिरात केली. पण पहाटे साडेचारला स्टेशन चौकात गठ्ठे फोडून सायकलीला लावणाऱ्या माणसाला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. त्याच्या हातात गठ्ठा पडला तेव्हा त्यालाही वाटलं, दुसऱ्या कुणाचं पार्सल आलंय.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी फर्मान काढलं, या विषयावरचे सगळे फोन आणि पत्रं माझ्या टेबलावर. तीन आठवडे मी तेच काम केलं. दोनशे पानी वही घेतली आणि येईल ते लिहीत गेलो. ती वही आज बरोबर आणली आहे. चहाचे डाग सांभाळून वाचायला लागते.

आधी एक कबुली देऊन टाकतो. निवेदनात आम्ही लिहिलं होतं, ‘वाचकांच्या बदलत्या अभिरुचीला अनुसरून’. अगदीच खोटं नव्हतं ते. पण मूळ कारण कागद. त्या वर्षी वर्तमानपत्री कागदाचे भाव जगभर चढले होते. रीळ जितकं अरुंद तितका कागद कमी लागतो. पानाच्या रुंदीत बोट-दोन बोटं वाचली तर वर्षाकाठी किती टन वाचतात, हा हिशेब मालकांना झोपेतून उठवून विचारलात तरी येतो. तेव्हा पान अरुंद करायचं ठरलं. अरुंद पानात आठ कॉलम घातले की एका ओळीत दोन-अडीच शब्द मावतात, आणि मध्ये ‘महानगरपालिकेच्या’ आला की ओळ तिथंच खलास. म्हणून सहा कॉलम. सहा कॉलम झाले म्हणून नवा टाइप, टाइप नवा म्हणून मांडणी नवी, आणि एवढं करतोच आहोत तर नावपट्टी तरी जुनी कशाला? एक भिंत पाडायला गवंडी बोलवावा आणि महिनाभरानं बघावं तर जिनासुद्धा दुसरीकडे गेलेला, तशातली गत. यात आम्हीच काही वेगळे नव्हतो म्हणा. अमेरिकेच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं 2007 च्या जानेवारीत पान अरुंद केलं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. कागदाचं बिल सगळ्यांनाच भरावं लागतं.

आता वही उघडतो. पहिले चार-पाच दिवस नुसती नावपट्टी. पूर्वी आमचं नाव लाल रंगात, कुंचल्यानं काढलेल्या जाड अक्षरांत असायचं. ते निळं आणि सडपातळ झालं. महाराष्ट्रात रंग बदलणं म्हणजे काय, हे मुंबईहून आलेल्या डिझायनरला कुणी सांगितलं नसावं. एक गृहस्थ म्हणाले, “लाल सोडला, म्हणजे मालक कुणाकडे चाललेत?” एका कार्यकर्त्याचा निळा स्वीकारल्याबद्दल अभिनंदनाचा फोन आला, आणि त्यानंतर तासाभरात तोच निळा का म्हणून दुसऱ्या एकाचा खडसावणारा. आमचे जाहिरात व्यवस्थापक रडकुंडीला आले. त्यांना म्हटलं, थांबा. दहाव्या दिवसानंतर वहीत नावपट्टीबद्दल एक ओळ नाही. आज त्याच लोकांना जुनी लाल पट्टी दाखवली तर म्हणतील, ही कुठली ओ?

मोठमोठ्यांना हे भोगावं लागलंय. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर 1966 च्या मे महिन्यापर्यंत बातम्याच नसायच्या, छोट्या जाहिराती असायच्या. 3 मे 1966 ला बातमी पुढे आली. बातमीच्या पेपरनं बातमी पुढे आणली, यावरसुद्धा नाकं मुरडणारे होतेच. पण मला जास्त आवडते ती ‘गार्डियन’ची हकिगत. 12 सप्टेंबर 2005 ला त्यांनी आकार बदलला. मोठ्या पेपरच्या आणि टॅब्लॉइडच्या मधला, ‘बर्लिनर’ म्हणतात तो. त्यासाठी नवी छपाईयंत्रं आणली, नवा टाइप घडवून घेतला. आणि लोक ओरडले कशावर? तर ‘डून्सबरी’ नावाची रोजची व्यंगचित्रपट्टी गाळली म्हणून. एवढी यंत्रं, एवढा टाइप, आणि वाचक विचारतोय, माझं चित्र कुठं? काही दिवसांतच ती पट्टी परत आणावी लागली. मी हे वाचलं होतं. वाचूनही आम्ही तेच केलं, ते पुढे येईल.

नावपट्टी ओसरल्यावर वहीत पानंच्या पानं एका वाक्यानं भरली आहेत: अक्षर बारीक झालं.

आणि आम्ही तर अक्षर मोठं केलं होतं! पॉइंट म्हणजे छापील अक्षराचं माप. जुना टाइप साडेनऊ पॉइंटांचा, नवा दहाचा. आम्ही शहाण्यासारखी खुलाशाची चौकट छापली, की वाचकांच्या सोयीसाठी अक्षर मोठे केले आहे. दुसऱ्या दिवशी फोन दुप्पट. विट्याच्या एक बाई म्हणाल्या, “तुमच्या पट्टीवर दहा असंल भाऊ, माझ्या चष्म्याला आठ दिसतंय.” मी मनात म्हटलं, बाई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. संपादकीय खात्यात बसलं की असली उत्तरं फार लवकर सुचतात.

आमच्याकडे पूर्वी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे एक अण्णा होते. निवृत्त होऊनही जमाना झालेला. नागरी टाइपचे खिळे शेकड्यांनी असायचे. ते कमी कसे करता येतील यावर टिळकांसारख्या माणसानंही डोकं घातलेलं. तर ते सगळे खिळे या अण्णांच्या बोटांना अंधारात ओळखू यायचे. ते एका दुपारी दोन अंक घेऊन आले, एक जुना, एक नवा. खिशातून भिंग आणि पट्टी काढली. मला विचारलं, “पॉइंट कशाचा मोजलास?”

मी गप्प.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हरकत नाही. इंग्रजी अक्षराची बरीचशी वस्ती मधल्या पट्ट्यात असते. आपली ओळ तिमजली. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. मध्ये क, म, ल हे खरं अंग. पॉइंट मोजतात तो तिन्ही मजले धरून. नव्या टाइपच्या वेलांट्या ऐटदार, उकार लांब, वरचा-खालचा मजला प्रशस्त, आणि राहायच्या मधल्या मजल्याची उंची कमी. अण्णांनी ‘क’ला पट्टी लावून दाखवली. दहा पॉइंटातला नवा ‘क’ साडेनऊतल्या जुन्या ‘क’पेक्षा बुटका. शिवाय रेघ बारीक. कॉम्प्युटरच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर बारीक रेघ देखणी दिसते. आमचा कागद करडट, शाई त्यात शोषली जाते, मग ती रेघ काळी न दिसता राखाडी दिसते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचणाऱ्याला ती दिसेनाशीच होते.

म्हणजे विट्याच्या बाईंचं बरोबर होतं. त्यांना पॉइंट माहीत नव्हता, त्यांना दिसत होतं. आणि आम्हाला पॉइंट माहीत होता.

त्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकेचं पोस्टकार्ड आलं. 2018 साली पोस्टकार्ड! अक्षर असं की छापून घ्यावं. मजकूर चार ओळींचा. आपल्या नव्या अंकातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहितात. शासनाचा 6 नोव्हेंबर 2009 चा निर्णय पाहावा. कळावे. खाली ताजा कलम: ‘दुसऱ्या’ हा शब्द आपण ‘दुसर्या’ असा छापत आहात. आचार्यांना नमस्कार करावा आणि आचाऱ्यांना जेवण कधी होणार ते विचारावे, एवढा फरक तरी ठेवावा.

मी ते कार्ड घेऊन डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावतात त्या खात्यात गेलो. पोरं हसली, पण तपासलं. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ होतेच. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडायची, तेवढी राहिली होती. ती हिंदीवर ठेवली होती, कारण साचा करून देणाऱ्यानं हिंदीवर ठेवली होती. ‘ऱ्य’ची भानगड वेगळी. बातमीदार जुन्या फॉन्टमध्ये लिहून पाठवायचे, ते युनिकोडमध्ये उतरवताना ‘ऱ्य’ मोडून ‘र्य’ व्हायचा. तीन आठवडे आम्ही ‘वार्यासह पाऊस’ आणि ‘शेतकर्यांचा मोर्चा’ छापत होतो. बातम्यांवर नजर टाकणारे आम्ही सहा जण, एकालाही दिसलं नाही. बाईंना दिसलं. त्यांना आम्ही आभाराचं पत्र पाठवलं, त्यातही एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली. तेही कार्ड माझ्याकडे आहे.

बाजारभावाचं पटकन सांगतो. बेदाणा आणि हळदीचे दर आम्ही सुंदर आलेखात दिले, वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ. तासगावकडचे एक शेतकरी म्हणाले, “रेघ राहू द्या. किमान किती, कमाल किती, सरासरी किती?” आठव्या दिवशी जुना तक्ता परत. शब्दकोड्याचे चौकोन इतके लहान झाले होते की त्यात ‘क्ष’ मावेना. तेही मोठे केले. या दोन्हींत वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

निधनवार्तांवर मात्र थोडं थांबतो.

आमच्या भागात निधनाच्या बातमीत खरी बातमी शेवटच्या ओळीत असते. ‘रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता.’ माणूस गेल्याचं गल्लीला आधीच कळलेलं असतं. पण गेलेल्याबरोबर तीस वर्षांपूर्वी गिरणीत काम केलेला माणूस पलूसला असतो, त्याला ही ओळ लागते. आमच्या निधनवार्ता दुसऱ्या पानावर डावीकडे तळाला असायच्या. अनेकजण पेपर उघडून आधी तिथं बघायचे, मग चहा. डिझायनर म्हणाला, पान उघडल्याबरोबर मरण नको, पेपरचा मूड बिघडतो. त्यानं ती आठव्या पानावर नेली. रंगीत पट्टी, गोल फोटो, सगळं नीटस.

आता बारा पानांचा पेपर म्हणजे तीन मोठे कागद. पहिलं-दुसरं-अकरावं-बारावं पान एका कागदावर, तिसरं-चौथं-नववं-दहावं दुसऱ्यावर, पाच ते आठ सगळ्यात आतल्या कागदावर. घरी तुम्ही अख्खा पेपर धरून वाचता. सलूनमध्ये, चहाच्या गाड्यावर, वाचनालयात तसं होत नाही. तिथं पेपर फोडतात. बाहेरचा कागद एकाकडे, मधला दुसऱ्याकडे, आतला पाठीमागे खुर्चीवर पडून. घरातसुद्धा तसंच. आजोबांकडे एक कागद, मुलाकडे खेळाचं पान, सूनबाईंना जे उरेल ते आणि जेव्हा उरेल तेव्हा. निधनवार्ता दुसऱ्या पानावर होत्या तोवर पहिल्या पानाबरोबर फिरायच्या, म्हणून सगळ्यांच्या हाताखालून जायच्या. आठव्यावर गेल्या आणि आतल्या कागदात अडकल्या. आम्ही आमच्या टेबलावर अख्खा पेपर ठेवून मांडणी पाहत होतो. सलूनमध्ये बसून एकदाही पाहिली नव्हती.

यावरची तक्रार वहीत एकच आहे. एक गृहस्थ स्वतः आले होते. बसले, पाणी प्यायले. म्हणाले, “दोस्ताची रक्षा चुकली माझी. पेपर घरात होता.” एवढंच म्हणाले आणि उठले. नावपट्टीवर ज्यांनी अर्धा अर्धा तास भांडण केलं, त्यांची नावं आज मला आठवत नाहीत. यांनी नाव सांगितलंच नव्हतं, चेहरा मात्र आठवतो. दुसऱ्या दिवशी निधनवार्ता दुसऱ्या पानावर आल्या. डिझायनरचा ई-मेल आला, की त्यानं साचा मोडतो. मोडू दे म्हटलं.

वहीत आणखी एक गोष्ट आहे, म्हणजे नाही. तिशीच्या आतल्या माणसाचा एकही फोन नाही. ज्यांच्यासाठी म्हणून आम्ही हे केल्याचं सगळीकडे सांगत होतो, त्यांनी ना शिव्या दिल्या, ना शाबासकी. कलाशाखेच्या काही पोरांनी मांडणी छान आहे म्हणून सही करून पत्र पाठवलं होतं. चौकशी केली तर कळलं, त्यांच्या सरांनी ते गृहपाठ म्हणून दिलं होतं.

तीन आठवड्यांनी फोन थांबले. दिवाळी आली. संपादकांनी सगळ्यांना जेवण दिलं. आमची समजूत झाली, की प्रकरण मिटलं.

आता खरी गोष्ट. सांगलीकरांना आयर्विन पूल सांगायला नको, पण बाहेरगावचे असतील त्यांच्यासाठी सांगतो. 1929 साली कृष्णेवर बांधलेला हा पूल आमची मोजपट्टी आहे. पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 वर धोका पातळी. पावसाळ्यात आमच्या पहिल्या पानावर वर डाव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. आयर्विनला किती फूट, कोयना धरणात किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी, आणि त्यातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट सोडलं. कोयना भरते 105.25 टीएमसीला, हा आकडा इकडं शाळेतल्या पोरालाही सांगता येतो. पाणी चढायला लागलं की लोक बातमी नंतर वाचायचे, आधी ही चौकट. फूट लोक आपापल्या भाषेत उतरवून घेतात. आयर्विनला अमुक फूट म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला, अजून दोन फूट म्हणजे पहिल्या पायरीला, मग उंबऱ्याला. नदीकडच्या सूर्यवंशी प्लॉटातल्या किंवा कर्नाळ रोडच्या माणसाला हवामानशास्त्र नको असतं. त्याला तो एक आकडा लागतो, आणि कालचा. कालच्यापेक्षा चढ की उतार.

तर ही चौकट आमच्या नव्या मांडणीत नव्हती. कुणी काढली नव्हती. डिझायनर 2018 च्या फेब्रुवारीत आला होता. त्यानं अभ्यासाला फेब्रुवारी-मार्चचे अंक मागितले, आम्ही दिले. फेब्रुवारीत नदीत पाणी कुठलं? त्या अंकांत चौकटच नव्हती, म्हणून साच्यात तिला जागा नव्हती. दसऱ्याला अंक निघाला तेव्हा पाऊस संपलेला. कुणाच्याच ध्यानात आलं नाही, वाचकांच्याही नाही. आम्ही अख्खा पेपर कोरड्या महिन्यांवरून बेतला होता.

2019 च्या जूनमध्ये पाऊस लागल्यावर उपसंपादकानं विचारलं, चौकट कुठं टाकू? पहिल्या पानावर कोपऱ्यात आता जाहिरात होती, दर ठरलेली, वर्षाचा करार झालेली. पाचव्या पानावर हवामानाची पट्टी होती. ढगाचं चित्र, तापमान, सूर्योदय, सूर्यास्त. त्यात त्यानं शेवटी घातलं, कृष्णा इतके फूट. मी पाहिलं आणि मान डोलावली.

जुलैत सूर्यवंशी प्लॉटातून एका बाईंचा फोन आला. पहिल्या पानावर पाणी का नाही? म्हटलं, पाचव्या पानावर आहे ताई, हवामानात बघा. त्या म्हणाल्या, “ते पान सासरे घेऊन बसतात ओ. मला सातला ठरवायचं असतं, फ्रिज वर चढवायचा का नाही ते.” मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, बघतो. वहीत लिहून घेतलं. हे बघा, या पानावर आहे. पुढे काही खूण नाही. निधनवार्तांच्या वेळी मी साचा मोडू दे म्हणालो होतो. इथं करार मोडावा लागला असता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. पाणी रोज चढत होतं. चौकट पहिल्या पानावर घेतली तेव्हा ते दारात येऊन उभं होतं. जाहिरातवाल्यांना फोन करून सांगितलं, करार बघून घेऊ. ते एका शब्दानं काही बोलले नाहीत, त्यांचंही दुकान मारुती चौकात होतं. आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या महापुराच्या खुणा लोकांनी भिंतीवर जपून ठेवल्या होत्या, त्या पाण्याखाली गेल्या. त्या दिवसांत अंक छापायचो, पण टाकायचा कुठं? ज्या उंबऱ्यांवर टाकायचा ते उंबरे नदीत. गठ्ठे तसेच पडून राहायचे.

ती चौकट जूनपासून पहिल्या पानावर असती तर कुणाचा फ्रिज वाचला असता, असं मी म्हणणार नाही. पुराचे आकडे रेडिओवर होते, पालिकेची गाडी फिरत होती, मोबाइलवर तर दर पाच मिनिटांनी नवा आकडा आणि त्याच्या मागून नवी अफवा. आमचा आकडा आदल्या संध्याकाळचा, सकाळपर्यंत शिळा झालेला. असं असूनही बाईंनी फोन का केला, हे मला पाणी ओसरल्यावर कळलं. एका घरात गेलो होतो. चिखल काढून झाला होता. पाण्याच्या रेघेच्या वर भिंतीवर आमच्या जुन्या चौकटी कापून ओळीनं चिकटवलेल्या होत्या, 2005 पासूनच्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, पाणी त्या दिवशी घरात कुठवर आलं ते. 2018 च्या पावसाळ्याशी ती ओळ थांबली होती.

2019 ला पाऊस लांबला. नोव्हेंबर उलटल्यावर कुणीतरी नेहमीच्या पद्धतीनं चौकट काढली. हंगाम संपला की काढायचीच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत फोन. मिरजेचे आजोबा.

“ती चौकट कुठे गेली?”

म्हटलं, आजोबा, पाऊस संपला. नदी पात्रात आहे.

“ते मला घाटावरनं दिसतंय की,” आजोबा म्हणाले. “पण लिहा ना तसं. पात्रात आहे म्हणून.”

त्या रात्री चौकट परत लावली. पुढच्या जूनपर्यंत रोज तिच्यात तेवढंच छापत होतो. कृष्णा पात्रात.